तबेल्यात कोंबड्या मुक्कामाला आल्यात, घोडीला काही त्रास होईल का?

सोरेगावकर | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं सोलापूरच्या विजापूर रोडला सोरेगावच्या पुढं आत पावणेदोन एकर रान आहे. नोकरी शहरात, पण घोड्याचं वेड लहानपणापासनं, म्हणून दोन वर्षांमागं अकलूजच्या घोडेबाजारातनं एक घोडी आणली. काठेवाडी म्हणून दिली, खरी किती ते त्या व्यापाऱ्यालाच ठाऊक. सहा वर्षांची, वजनाला तीनशे किलोच्या आसपास असेल, नाव बिजली. पत्र्याचा तबेला, पुढं गव्हाण, बाजूला कडब्याची गंजी.

यंदा बायकोनं गावरान आणि गिरिराज मिळून तीस पिल्लं आणली, आठ मुंगसानं नेली, बावीस राहिली. खुराडा केलाय पण त्यात एक बी जायला तयार नाही. दिवस मावळला की सगळ्या रांगेनं तबेल्यात येतात आणि गव्हाणीवरच्या आडव्या बांबूवर बसतात. सकाळी बघावं तर कडब्यावर पांढरे ठिपके आणि पाण्याच्या हौदात पिसं. बिजली त्यांना काही करत नाही, उलट एक कोंबडा तर तिच्या पाठीवर उभा राहून आरवतो, फोटो व्हॉट्सॲपला टाकला तर लोकांनी लई कौतुक केलं. पण गेले पंधरा दिवस ती रात्रभर पाय आपटते, शेपटीचं बूड खांबाला घासून घासून तिथले केस गेलेत, आणि दोन-चार दिवस झाले चंदी (दाण्याचं खाद्य) पण अर्धी टाकून देती.

तर प्रश्न असे की कोंबड्यांमुळं तिच्या अंगाला काही लागतं का, विष्ठा पडलेला कडबा खाल्ला तर चालतं का, आणि यांना खुराड्यात घालायची युक्ती काय. खाद्याचा तसा प्रश्न नाही, शेजारी बॉयलरचं शेड आहे, बॅच निघाली की उरलेली पोती तो निम्म्या भावात देतो, तेच घालतो. सांडलेलं बिजली चाटूनपुसून साफ करते, वाया काही जात नाही.

गावरान_अंडी | शनिवार, रात्री १०.१५

दादा, आधी कोंबड्यांचं सांगते. त्यांना जिथं उंच बसायला मिळतं तिथं त्या जाणार. तुमच्या खुराड्यात आत आडवी काठी आहे का? नसेल तर त्या जमिनीवर बसायला तयार होत नाहीत. जमिनीपासनं दोन-अडीच फुटांवर मनगटाएवढी जाड काठी बांधा. मग अंधार पडल्यावर एकेक उचलून आत ठेवा, अंधारात कोंबडी भांडत नाही. आठ-दहा रात्री हे करायचं आणि सकाळी उशिरा सोडायचं. रोज संध्याकाळी मूठभर ज्वारी खुराड्यातच टाकायची, बाहेर नाही. आमच्या बार्शीकडं मी चाळीस कोंबड्या अशाच वळवल्या. आणि तबेल्यातला तो बांबू काढून टाका हो, नाहीतर त्या कशाला जातील खुराड्यात.

बाकी कोंबड्या घोड्याजवळ असण्यात फायदाच आहे. लीद उकरून त्यातल्या माशीच्या अळ्या वेचून खातात. आपल्याकडच्या उन्हात माशीचं अंडं ते माशी हे सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं, त्यामुळं रोज उकरलेली, वाळलेली लीद असली की माशा खरंच कमी दिसतात.

तोबरा | शनिवार, रात्री १०.५०

ताईंशी सहमत. आमच्या घरात तीन पिढ्या घोडं आहे, आजोबांचा स्टेशनवर टांगा होता, आता आम्ही वरातीला घोडी देतो. आजोबांच्या तबेल्यात कायम पंधरा-वीस कोंबड्या. घोड्याच्या पायाखाली एखादं पिल्लू चिरडायचं तेवढंच, बाकी काय बी झालं नाही. एवढं टेन्शन घेऊ नका.

केस जायचं कारण गोचीड असेल. बैलाला मारायचं गोचिडाचं औषध मिळतं की मेडिकलमध्ये, पाण्यात कालवून अंगावर मारा, दोन दिवसांत साफ.

पाणंद | शनिवार, रात्री ११.०५

पाठीवर कोंबडा आरवतोय तो फोटो हितं पण टाका बे.

जनावरांचा_डॉक्टर | शनिवार, रात्री ११.३०

सोरेगावकर, जागे असाल तर आत्ता उठा आणि बॉयलरच्या खाद्याचं पोतं घोडीला दिसणार नाही अशा जागी कुलपात घाला. सांडलेलं झाडून घ्या, गव्हाण धुवा. बाकी सगळं उद्या बोलू.

बॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध मिसळलेलं असतं. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन ही त्यातली नेहमीची नावं. कोंबडीला ती पचतात, घोड्याला विष आहेत. मोनेन्सिनचंच बघा, कोंबडी मरायला किलो वजनामागं साधारण २०० मिलिग्रॅम लागतं, घोड्याला २ ते ३ पुरतं. सॅलिनोमायसिन त्याहून कडक, किलोमागं ०.६ मिलिग्रॅमला निम्मे घोडे मरतात. म्हणजे तुमच्या तीनशे किलोच्या घोडीला १८० मिलिग्रॅम. खाद्यात ते किलोला ६० च्या आसपास धरलं तर तीन किलो खाद्य झालं. पोत्याचं तोंड उघडं राहिलं तर घोडी एका बैठकीत तेवढं सहज खाईल. आणि प्रीमिक्सची, म्हणजे खाद्यात मिसळायच्या दाट औषधाची पुडी असेल तर हिशेब ग्रॅमवर येतो.

हे औषध हृदयाच्या स्नायूवर जातं. उतारा नाही. खाणं सोडणं, घाम, पोटात दुखल्यासारखं करणं, मागचा भाग लटपटणं, लघवी काळपट होणं, आणि कधी कधी काहीच न दिसता पळताना खाली पडणं. तुम्ही लिहिलंय चंदी अर्धी टाकते. ते मला आवडलेलं नाही. किती दिवसांपासनं आणि किती खाल्लंय ते नीट विचारून सांगा. घरात सगळ्यांना विचारा.

दुसरं, तोबरा, ते बैलाचं औषध अमिट्राझ असेल तर घोड्याला अजिबात मारू नका. आतड्याची हालचाल थांबते, लीद अडते आणि पोटशूळ होतो. बैलाला चालतं ते घोड्याला चालतंच असं नाही.

सोरेगावकर | रविवार, सकाळी ६.२०

डॉक्टर, झोप नाही आली. पोती रात्रीच उचलून घरात बाथरूमला टाकली.

पोराला विचारलं, तो आधी काही बोलेना. मग म्हणाला की तिला आवडतं म्हणून मी चार दिवस रोज एक मग चंदीत मिसळत होतो. मगात भरून वजन केलं, अर्धा किलोला थोडं कमी भरतं. त्याला ओरडलो नाही, मीच फोटो काढून हसत होतो की घोडी बघा कोंबडीचं खाद्य खाती म्हणून.

पोत्यावर प्रोटीन, कॅल्शियम एवढंच छापलंय, औषधाचं नाव कुठंच नाही. शेजाऱ्याला फोन केला, त्यानं त्याच्या सुपरवायझरला विचारलं. सॅलिनोमायसिन आहे म्हणाला.

जनावरांचा_डॉक्टर | रविवार, सकाळी ७.०५

पोत्यावर नाव नाही म्हणजे औषध नाही, असं कुणीच समजू नका. सुपरवायझरला विचारलं हे बरं केलंत.

हिशेब करू. अर्धा किलोत ३० मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या वजनाला किलोमागं ०.१. मारक डोसाच्या सहाव्या हिश्शाएवढं, पण चार दिवस ओळीनं, वर सांडलेलं वेगळं. ती जगेल असं मला वाटतं, पण हृदयाला डाग लागलाय का ते बाहेरनं कळत नाही. म्हणून आजच्या आज डॉक्टर बोलवा. नाडी, हृदयाचे ठोके ऐकायला लावा, स्नायूच्या एन्झाइमसाठी रक्त द्या. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम देतात, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे पळवायची नाही. खोगीर नाही, गाडी नाही, पोराला पाठीवर बसवणं नाही. बांधूनच ठेवा असं नाही, आवारात चालू दे हळूहळू. अशा केसमध्ये बरी दिसणारी घोडी दोन आठवड्यांनी पळवली आणि गेली, असं होतं.

तोबरा | रविवार, सकाळी ८.३०

मी रात्री जे लिहिलं ते मागं घेतो. डॉक्टरांचं वाचून डोकंच सुन्न झालं, कारण अक्कलकोटकडं माझ्या ओळखीतल्या एकाचं घोडं असंच गेलं होतं. नवरदेव बसवून वरात निघाली, दोन गल्ल्या गेल्या नाहीत तोवर घोडं गुडघ्यावर आलं. नवरदेव वाचला. सगळे म्हणाले बँडच्या आवाजानं झटका आला, कुणी नजर लागली म्हणालं. आता आठवतंय, त्याच्या घरामागं बॉयलरचा शेड होता आणि घोडं मोकळंच असायचं.

आणि आजोबांचं म्हणाल तर ते पण आता कळतंय. त्यांच्या कोंबड्या घोड्याच्या तोबऱ्यातनं सांडलेला हरभरा आणि ज्वारी खायच्या. पोतं नव्हतंच तेव्हा. कोंबडी तीच आहे, तिच्या पुढ्यातलं बदललं.

खुळखुळा | रविवार, सकाळी ११.४०

मग लेयर मॅश घातलं तर? त्यात हे औषध नसतं ना?

जनावरांचा_डॉक्टर | रविवार, दुपारी १.१५

अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात सहसा नसतं, पण एकाच मशीनवर आधी बॉयलरचं खाद्य दळलं असेल तर त्याचा अंश येतो, आणि घोड्याला अंश पण जड जातो. शिवाय औषध नसलं तरी भरड धान्य एकदम खाल्लं की घोड्याला पोटशूळ होतो, खूर तापतात, घोडं जागचं हलत नाही. घोड्याला उलटी होत नाही हे लक्षात ठेवा, आत गेलं ते गेलं. बावीस गावरान कोंबड्यांना ज्वारी, मक्याची भरड, थोडी पेंड, शिंपल्याचा चुरा असं घरचं करा की. तुमच्याकडं मालदांडी पिकते आणि तुम्ही पोतं विकत आणता.

गावरान_अंडी | रविवार, दुपारी २.००

डॉक्टर, मी बॉयलरचं खाद्य कधीच घालत नाही पण ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. माझी चूक झाली, दादांच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य मी वाचलं आणि पुढं गेले.

एक विचारायचं होतं. घोड्याला जंताचं औषध दिलं की कोंबड्या तीच लीद उकरतात. अंडी खायची का?

जनावरांचा_डॉक्टर | रविवार, दुपारी २.३०

चांगला प्रश्न. आयव्हरमेक्टिन बरंचसं लिदेतनंच बाहेर पडतं. औषध दिल्यापासनं आठवडाभर कोंबड्या तबेल्याकडं सोडू नका आणि ती लीद वेगळ्या खड्ड्यात टाका.

सोरेगावकर, यावरनं आठवलं, शेपटीचं बूड घासणं हे जंताचं पण लक्षण असतं, शेपटीखाली पिवळट चिकट काही दिसतं का बघा. शेवटचं औषध कधी दिलं होतं? आणि रात्री पाय आपटण्याचं कारण शोधायला आज रात्री दहानंतर बॅटरी घेऊन तबेल्यात जा. दिवसा काही दिसणार नाही.

सोरेगावकर | रविवार, रात्री ११.२०

दुपारी डॉक्टर येऊन गेले. नाडी ४८, शांत उभी असताना असायला पाहिजे त्यापेक्षा थोडी जास्त म्हणाले, ठोक्यात मधेच एखादा चुकतो असंही म्हणाले. रक्त घेतलंय. जंताचं औषध देऊन नऊ महिने झाले होते, त्याची लाजच वाटली.

आता रात्रीचं सांगतो. बायको आणि मी दोघं गेलो. बांबू जिथं सुतळीनं खांबाला बांधलाय तिथं बॅटरी मारली तर राखाडी भुकटी सांडल्यासारखं काहीतरी दिसलं. बोट लावलं तर भुकटी चालायला लागली. मोहरीपेक्षा बारीक, काही राखाडी, काही लालभडक. बायकोनं पांढऱ्या कागदावर एक चिरडला तर रक्ताची रेघ उठली. मग बिजलीच्या मानेवर उजेड पाडला, केसांच्या मुळाशी तेच. मला अजून अंगाला खाजतंय.

जनावरांचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ६.५०

तांबडी माइट. दिवसा फटीत लपते, रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पिते, घोडं जवळ असलं की घोड्याचं पण पिते. घोड्याच्या अंगावर ती घर करत नाही, तिचं घर तुमच्या बांबूत आणि फळ्यांच्या फटीत आहे, म्हणून औषध घोडीपेक्षा जागेला लागतं.

नुसत्या कोंबड्या हलवून भागत नाही, उपाशी पोटी पण ती महिनोन् महिने तग धरते. बांबू आणि सुतळी जाळून टाका. कडबा आणि घोडी लांब नेऊन पत्रा, खांब, खालची फरशी पोल्ट्रीवाल्याच्या फ्लेम गननं भाजून घ्या, मग ताज्या चुन्याचा हात द्या, फटीत ब्रश घालून. आठ दिवसांनी परत. खुराड्यालाही तेच, नाहीतर पाहुणे तिकडनं परत येतील. घोडीच्या अंगाला काय लावायचं ते समोर बघणारे डॉक्टर सांगतील, हृदयाचा प्रश्न असताना मी इथनं सांगणार नाही.

विष्ठेचं राहिलंच. कोंबडीच्या विष्ठेत साल्मोनेला असतो, मोठ्या तगड्या घोड्याला बऱ्याचदा काही होत नाही, पण आजारी घोडं किंवा शिंगरू असलं तर हगवणीनं आडवं होतं. तुमची घोडी आत्ता आजारी धरा. घाण झालेला कडबा गव्हाणीत राहू देऊ नका, हौद रोज उपसा.

डाळिंबवाला | सोमवार, दुपारी १२.१०

सांगोल्याहून. वाचत होतो, एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं बागेला ट्रॉलीनं कोंबडी खत पडतं. त्या खतात बॉयलरचं सांडलेलं खाद्य तर असतंच, मेलेल्या कोंबड्या पण असतात. कुत्री ते ओढून बांधावर आणतात. ज्या रानात हे खत टाकलंय तिथं घोडं चरायला सोडायचं नाही, बांधावर पण नाही.

माझ्या मेव्हण्याच्या कडब्याच्या गंजीत एक कोंबडी अंडी घालायला शिरली आणि आतच मेली, कुणाला पत्ता नाही. पेंढी काढताना वास आला म्हणून कळलं. डॉक्टर म्हणाले अख्खी गंजीची ती बाजू फेका. गंजीवर ताडपत्री घालून कडेनं बारीक जाळी मारली तर कोंबडी शिरतच नाही.

जनावरांचा_डॉक्टर | सोमवार, दुपारी १.००

बरोबर फेकायला लावलं. सडलेल्या प्राण्यात बोट्युलिझमचं विष तयार होतं आणि घोडं त्याला फार नाजूक. जीभ लोंबते, गिळता येत नाही, तोंडातनं पाणी गळतं, मग उभं राहता येत नाही.

पण जाळीबद्दल एक. षटकोनी पातळ कोंबडी जाळी घोडं पोचेल तिथं खाली मारू नका, पाय मारला की खूर अडकतो आणि ओढाताणीत नडगी सोलून निघते. मी टाके घातलेत असल्या पायांना. खालचे चार फूट फळ्या किंवा जाड वेल्डेड जाळी, वर काय ती पातळ जाळी.

सोरेगावकर | १९ दिवसांनी, रात्री ९.१५

उशीर झाला, क्षमस्व. पहिला रिपोर्ट आला त्यात स्नायूचं एन्झाइम वाढलेलं होतं, पंधरा दिवसांनी परत केलं तर बरंच खाली आलंय. नाडी आता ३८-४० असते, मी रोज सकाळी जबड्याखाली बोट ठेवून मोजतो, घड्याळ बघून पूर्ण मिनिट. चुकणारा ठोका मला स्वतःला गेल्या आठवड्यापासनं सापडलेला नाही, पण डॉक्टर म्हणाले अजून दोन महिने खोगीर विसरा, नंतर ईसीजी काढून ठरवू. चंदी पूर्ण खाते.

बांबू जाळला. तबेला दोनदा भाजून चुना दिला. खुराडा उचलून चाळीस-एक फुटांवर लिंबाखाली नेला आणि भोवती लहान आवार केलं, दार एवढं बुटकं ठेवलंय की मलाच वाकून जावं लागतं, घोडीचा प्रश्नच नाही. ताईंनी सांगितलं तसं काठी बांधून रोज अंधारात उचलून ठेवल्या, अकराव्या दिवशी वीस जणी आपल्या आपण गेल्या. एक खुडूक कोंबडी आणि तो कोंबडा ऐकत नाहीत. दुपारी दोन तास सगळ्यांना लिदेच्या ढिगावर सोडतो, तेव्हा बिजली दुसऱ्या टोकाला.

उरलेली दोन पोती शेजाऱ्याला परत दिली, पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला त्याच्याकडनं अजून दोन घोडेवाले नेतात. त्यांची नावं घेऊन मी काल जाऊन आलो, एकानं चहा पाजला, दुसरा म्हणाला आमचं घोडं सहा महिने खातंय, काही होत नाही. तोबरा, तुमची त्या बाजूला ओळख असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करतो, तुमचं कदाचित ऐकेल.

तोबरा | रात्री ९.४०

कर व्यनि. रविवारी जाऊ दोघं, मी ती वरातीची गोष्ट सांगतो त्याला.